ऑट्युनाइटला अंधार द्या

महोदय,

मुंबईतल्या एका संग्रहालयात ऑट्युनाइट या युरेनियमच्या खनिजाचे लिंबूपिवळे, चौकोनी पापुद्रे ट्यूबलाइटखाली निस्तेज पडलेले पाहिले. चिठ्ठीवर फक्त नाव. वाईट वाटलं.

युरेनियमच्या मूळ खनिजांवर हवा-पाण्याची क्रिया होऊन, कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या साथीने हे दुय्यम खनिज बनतं. फ्रान्समधलं ओतँ हे त्याचं प्रसिद्ध ठिकाण. अतिनील दिव्याखाली ते झगझगीत हिरवट-पिवळं उजळतं. ही किमया युरेनिल आयनाची, म्हणजे युरेनियम आणि ऑक्सिजनच्या विद्युतभारित गटाची. त्याचं तांबेयुक्त भावंड टॉर्बर्नाइट मात्र सहसा काळोखातच राहतं, कारण तांबं ती चमक मारतं. दोन्ही शेजारी ठेवून दिवा लावा, मुलं तिथून हलणार नाहीत!

कोरड्या हवेत ऑट्युनाइटमधलं पाणी उडून पापुद्रे भुरभुरतात, शिवाय ते किरणोत्सारी. त्यामुळे पेटी बंदच हवी, आणि तसं चिठ्ठीवर लिहायलाही हवं.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, दादर