माळावरच्या सौरप्रकल्पाविषयी आई-बाबांना पत्र

इचलकरंजी

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, माळावरची जमीन सौरप्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने मागायला कंपनीची माणसे घरी येऊन गेली, आता संमतिपत्रावर सही करावी की नाही, असे तुम्ही विचारलेत. इतक्या मोठ्या गोष्टीचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. जमीन वडिलोपार्जित आहे आणि २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीनंतर तिच्यात माझाही दादाइतकाच हक्क आहे. आज ना उद्या माझीही सही मागितली जाईल, तेव्हा माझे मत तुम्हा दोघांना आधीच ठाऊक असलेले बरे.

सौरवीज नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांची नावे उताऱ्यावर नाहीत पण ज्यांचे पोट त्या माळावर आहे, त्यांचे ग्रामसभेत ऐकून घेतल्याशिवाय आपल्या घरातून सही जाऊ नये.

वेळ अमावास्येला चरग, म्हणजे रानाचा नैवेद्य, शिंपडायला आपण सगळे रानात गेलो होतो, तेव्हा जेवणाच्या पंगतीत हाच विषय होता. ज्यांची मुले मुंबईला किंवा सांगलीला स्थायिक झाली आहेत आणि ज्यांचे रान वर्षानुवर्षे पडीक आहे, त्यांना हे भाडे म्हणजे आयतीच पेन्शन वाटते, आणि त्यात मला काहीही वावगे दिसत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पावसाच्या भरवशावर मटकी पेरावी आणि बियाण्याचे पैसेही निघू नयेत, हे किती वर्षे चालायचे? उलट ज्यांच्या विहिरीला थोडेफार पाणी आहे, ते जमीन सोडायला तयार नाहीत. श्री बसवेश्वर उपसा जलसिंचन योजनेचे पाणी आपल्या पट्ट्यात पोहोचले, तर आज कुसळे उगवणाऱ्या माळाचे मोल काय होईल, असे ते विचारतात, आणि तीस वर्षांचा करार करताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एक गोष्ट मात्र मला बरी वाटली. आपल्याकडे बहुतेक वादांत मराठी आणि कानडी अशी फळी पडते, ती या वादात पडलेली नाही. दोन्ही बाजूंना दोन्ही भाषांची घरे आहेत.

त्या पंगतीत जे नव्हते, त्यांच्याविषयी मला जास्त लिहायचे आहे. आई, शाळूच्या सुगीला आपल्याकडे येणाऱ्या बायका तुला नावानिशी माहीत आहेत. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, मग मोडणीला बसून एकेक कणीस वेगळे करायचे, हे काम त्या पहाटेपासून करतात आणि मजुरी म्हणून जी ज्वारी घरी नेतात, तिच्यावर त्यांच्या भाकरीचे कित्येक महिने निघतात. बांधावरचे गवत कापून त्या एखादी म्हैस नाहीतर दोन शेळ्या पाळतात, तेही आपल्याच माळावरचे. सुगी सरली की धनगर येतात. तीन-चार रात्री मेंढरे आपल्या रानात बसतात, लेंडीखताने जमीन सुधारते, आपण त्यांना धान्य आणि थोडे पैसे देतो. पहाटे वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचे जाळे, काढताना थंडीने आखडलेली कोकरे ते घोंगडीत गुंडाळून एकेक करून त्यांच्या मेंढीजवळ सोडतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. माळाला तारेचे कुंपण पडले की गायरानाकडे जाणारी त्यांची वाटच बंद होते, आणि त्याची भरपाई कोणत्याही भाडेपट्ट्यात लिहिलेली नसते, कारण सरकारी कागदावर ती माणसे त्या जमिनीची कोणीच लागत नाहीत. वाट्याने रान कसणाऱ्यांचेही तेच आहे.

हे मी नुसत्या भीतीपोटी लिहीत नाही. आपल्याच कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगडा येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौर उद्यान प्रकल्प उभा आहे. तिथे सरकारने जमीन विकत न घेता पाच गावांतील शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. जमिनीची मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली आणि दुष्काळी भागातल्या खातेदाराला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळू लागली, हे त्या प्रकल्पाचे खरोखर चांगले अंग आहे. पण ज्यांना जमीनच नव्हती त्यांना भाडेही मिळाले नाही. शेतातले काम गेले आणि त्याच्या जागी गवत काढणे, पॅनेल पुसणे, पहारा करणे अशी थोड्यांनाच पुरतील इतकी कामे आली. जनावरे चारणाऱ्यांना कळप विकावे लागले. तिथला खातेदार आणि तिथला मजूर यांना तुम्ही एकच प्रश्न विचारलात, तर उत्तरे दोन वेगळ्या गावांची वाटतील.

आता भाड्याचे. पावगड्याला एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, असा दर ठरला. कंपनीची माणसे हाच दाखला देत असतील, तर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. या वाढीने वीस वर्षांनी रक्कम साधारण ३४,२०० रुपये होते. महागाई वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली असे धरले, तर आजच्या २१,००० रुपयांची किंमत टिकवायला तेव्हा सुमारे ५५,७०० रुपये लागतील. म्हणजे आकडा वाढत जाणार आणि त्यात येणारी ज्वारी कमी होत जाणार. सीमेपलीकडे जत तालुक्यातले आपले पाहुणे वेगळाच दर सांगतात आणि तेही खरे आहे: महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ती योजना सरकारी आहे आणि वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीसाठी आहे, त्यामुळे खाजगी कंपनीने इथे तोच दर द्यावा असे कायद्याने म्हणता येणार नाही. पण बोलणी कुठून सुरू करायची हे ठरवायला तो आकडा पुरेसा आहे.

दादाला वाटते की प्रकल्प आला म्हणजे गावात दिवसा वीज येईल. गावातल्या अनेकांना तसे वाटते, कारण रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाणे सगळ्यांनी सोसले आहे. परंतु दोन-अडीचशे एकरांवरचा, म्हणजे साधारण ५० मेगावॉटचा प्रकल्प आपली वीज उच्चदाबाच्या वाहिनीवर घालतो आणि ती ग्रीडमध्ये जाते. आपल्या शेतीला मिळायचे ते हेस्कॉम या वीज कंपनीचे ठरलेले तासच. दिवसा वीज हवी असेल तर २०१९ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम-कुसुम योजनेचा विचार करावा. तिच्यात शेतकरी, त्यांची सहकारी संस्था किंवा पंचायत उपकेंद्राच्या जवळ अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प उभारू शकते आणि शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौरऊर्जेवर घेण्याचीही तरतूद आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे मोठ्यात मोठा प्रकल्पही दहा एकरांत बसतो. आपल्या खडकाळ, मुरमाड तुकड्यावर तो सहज मावेल आणि मेंढरांची वाटही मोकळी राहील. गावाने आधी याची चौकशी करावी, असे मला मनापासून वाटते.

तरीही बहुसंख्य खातेदारांना कंपनीचाच प्रस्ताव हवा असेल, तर मी आडवी येणार नाही. मात्र काही गोष्टींवर तडजोड नको. विहिरीकडचे रान द्यायचे नाही. सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र कोणालाही लिहून द्यायचे नाही. शेतजमीन एकदा बिनशेती झाली की सोसायटीचे पीककर्ज मिळण्याचा आधार जातो, त्यामुळे आपल्या चालू कर्जाचे काय होणार हे आधी सोसायटीच्या सचिवांना विचारा. कंपनी भाडेपट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवू शकेल का, मध्येच ती दुसऱ्याला विकली गेली तर भाडे कोण देणार, आणि मुदत संपल्यावर लोखंडी खांब आणि काँक्रीटचे पाये कोणाच्या खर्चाने निघणार, हे करारात स्पष्ट लिहिलेले हवे. जुनी पॅनेल २०२२ च्या नियमांनुसार ई-कचऱ्यात मोडतात, ती आपल्या बांधावर टाकून चालणार नाहीत. पॅनेल धुवायचे पाणी कुठून आणणार, हेही लिहून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

बाबा, सौरप्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्यासाठी होणारी जनसुनावणीही होत नाही. सगळ्या गावाने एकत्र बसून बोलावे अशी जागा म्हणजे आपली ग्रामसभाच, आणि म्हणूनच ती सह्यांच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे. सुगीच्या बायका, वाटेकरी आणि धनगर वस्तीतली माणसे तिथे आली पाहिजेत आणि कराराचा मसुदा कानडीत आणि मराठीत मोठ्याने वाचला गेला पाहिजे. मजुरांना किती वर्षे आणि कोणते काम मिळेल, चराईसाठी किती रुंद वाट मोकळी राहील, हे ठरावात नोंदवूनच पुढे जावे. तुम्ही अनेक वर्षे पंचायतीत काढली आहेत, सोसायटीतही तुमचा शब्द चालतो. हा आग्रह तुम्ही धरलात तर कोणी टाळणार नाही. आई, तू बायकांना आधी घरी बोलावून सगळे समजावून सांग, कारण सभेत पहिल्यांदाच ऐकले तर त्या संकोचाने गप्प बसतील.

संमतिपत्राची आणि मसुद्याची झेरॉक्स दादाच्या हाती पाठवा. इथल्या एका ओळखीच्या वकिलांना मी ती दाखवते आणि त्यांनी सांगितलेले मराठीत लिहून घेऊन येत्या शनिवारी गावी येते. तोवर कोणीही घरी आले, तरी ग्रामसभा झाल्यावर बोलू, एवढेच सांगा.

तुमची मुलगी