मॅक्रो लेन्सवर उगाच ठपका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला लेन्सनिवडीवरचा लेख वाचला. चेहऱ्यांसाठी ८५ मिमी फोकल लेंग्थचीच लेन्स घ्या (हा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), अगदी जवळून छोट्या वस्तू टिपणारी मॅक्रो लेन्स फुलाकिड्यांपुरती ठेवा, तिच्यात सुरकुत्या दिसतात, असा त्याचा सूर. मी दंतवैद्य आहे. १०० मिमीच्या एकाच मॅक्रो लेन्सने दिवसभर दातांचे आणि त्या दातांच्या मालकांचे फोटो काढतो, म्हणून राहवलं नाही.

दात सरळ करून घ्यायला आलेल्या पेशंटचे आधी चेहऱ्याचे तीन फोटो लागतात: ओठ मिटून, हसताना आणि बाजूने. मग गाल ओढून धरायचे आणि दातांचे. मधे लेन्स बदलत बसायची सोय नसते. सुरुवातीला मी चेहऱ्यासाठी साध्या झूम लेन्सच्या रुंद टोकाने, म्हणजे जास्तीत जास्त दृश्य मावेल अशा बाजूने, अगदी जवळून फोटो घेत असे. एका मुलीने तो पाहून विचारलं, “डॉक्टर, नाकाचंही काही करता का?” तिच्या नाकाला काही झालं नव्हतं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला तर कानांच्या मानाने नाक ४० टक्के फुगतं. दोन मीटरवरून जेमतेम ६ टक्के. हा सगळा अंतराचा खेळ. ८५ काय नि १०० काय, दोन्ही आपल्याला मागे सरकायला लावतात, एवढंच त्यांचं पुण्य.

सुरकुत्यांचं म्हणाल तर त्या बाजूच्या कडक उजेडाने उठून दिसतात. आजची ८५ मिमी लेन्स एफ/४ वर (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं) काही कमी शार्प नसते. (तोंडात वापरायचा रिंग फ्लॅश मात्र चेहऱ्यावर मारू नका, डोळ्यांत पांढरी बांगडी उमटते.) राहिलं ८५ चं सगळ्यात मोठं भोक, एफ/१.८. फुल-फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, डोकं-खांदे एवढा फोटो घेताना तिथे पुढेमागे मिळून जेमतेम चार सेंटीमीटर शार्प राहतं. डोळ्यावर फोकस धरला की नाकाचा शेंडा गेला. मॅक्रोच्या एफ/२.८ ला साडेसहा मिळतात, आणि मागचं तरीही छान विरघळतं.

आता उलटं बघा. साधी ८५ मिमी साधारण ८० सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही. तिच्या फ्रेममध्ये तळहात नीट येईल, बोटातली अंगठी भरून येणार नाही. मॅक्रो एकास एकवर, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते तेव्हा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा देते. वरचे पुढचे चार दात त्यात मावतात. त्याची किंमत मोजावी लागते: एफ/२.८ वर शार्प भाग मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, शिवाय दोन स्टॉप उजेड कमी, म्हणजे चौथाच हिस्सा. मी सरळ एफ/२२ लावतो. इतक्या लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्या डिफ्रॅक्शनने तपशील थोडा मऊ पडतो, पडू दे.

क्रॉप, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान, सेन्सरवाल्यांनी मात्र १०० च्या मागे लागू नये. ती तिथे १५०-१६० सारखी वागते आणि छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. ६० मिमी मॅक्रो बरी. फुल-फ्रेमवर तीच ६० किड्याच्या इतकी जवळ न्यावी लागते की आपलीच सावली पडते.

मॅक्रोचा खरा दोष लेखात आलाच नाही. तिचा ऑटोफोकस चुकला की या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकून येतो. लेन्सवर ही भटकंती ठरावीक अंतरापुरती रोखणारं फोकस लिमिटरचं बटण असेल तर चेहऱ्यांच्या वेळी ते दूरच्या पट्ट्यावर ठेवावं. संध्याकाळी पळत्या पोरांमागे धावणाऱ्याने ८५ एफ/१.८ च घ्यावी; उजेड दुपटीहून जास्त मिळतो. आणि ती आधीच घेऊन बसला असाल तर २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी, लावून पाहा. नऊ सेंटीमीटरभर रुंदीची वस्तू फ्रेम भरते. फक्त पुढच्या चेहऱ्याआधी ती काढायला विसरू नका, लांबचं काहीच फोकस होत नाही. मी विसरलो आहे, दोनदा.

आपला,
एक दंतवैद्य वाचक