लासेनला जायचं तर तिकीट जुलैनंतरचं काढा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, ज्वालामुखी बघायचा म्हणजे यलोस्टोन, असं तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण ते इथून फार लांब पडतं, आणि उन्हाळ्यात तिथे जत्रा असते. त्यापेक्षा आपण लासेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कला जाऊ. ते कॅलिफोर्नियातच आहे, १९१६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तरी इथल्या लोकांनाही नाव चटकन आठवत नाही. पार्काच्या आरपार जाणारा रस्ता जेमतेम ४८ किलोमीटरचा आहे आणि बघण्यासारखं बरंचसं त्याच्या कडेलाच आहे. गुडघ्यांना याहून सोयीचा ज्वालामुखी मिळायचा नाही.

तिकीट काढण्याआधी हे वाचा. हा रस्ता बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद असतो. एखाद्या वर्षी जुलै उजाडतो. जूनमध्ये आलात तर अर्ध्या वाटेवरून परतावं लागू शकतं. जुलैच्या सुरुवातीला रस्ता उघडला तरी डास फार असतात, आणि बंपस हेल या वाफाळत्या खोलगट जागेची पायवाट बर्फाखाली असू शकते. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. फक्त तेव्हा वणव्याच्या धुराची शक्यता असते, म्हणून एक दिवस हाताशी जास्त ठेवू. २०२१च्या डिक्सी वणव्यात पार्काचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या पट्ट्यात आला होता. जळक्या झाडांचे काळे खांब अजून दिसतात, ते बघून दचकू नका.

आता उंची. आदल्या रात्री रेडिंगला मुक्काम करू, ते जेमतेम १५० मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात चाळिशीचा पारा सहज गाठतं. पार्कातला रस्ता २,५९४ मीटरपर्यंत चढतो. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेनऊशे मीटर वर, एका सकाळीत, गाडीत बसून. डोकं जड होणं, दम लागणं हे तिथे होतंच. म्हणून दक्षिणेकडून थेट वर न जाता उत्तरेच्या दाराने शिरू. पहिला थांबा मँझनिटा तलाव, सुमारे १,८०० मीटर. तलावाभोवतीची वाट तीनेक किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट आहे. तिथे तासभर रमतगमत चालायचं, पाणी प्यायचं, मग वर. बाबा, बीपीच्या गोळ्या आणि ही उंची याबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. स्वेटर डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी हवा.

पुढे डिव्हास्टेटेड एरिया. इथली वाट अर्ध्या मैलाचीही नाही आणि चांगली आखलेली आहे. १९ मे १९१५ च्या रात्री लासेन शिखरावरचा तापलेला लाव्हा फुटून बर्फावर कोसळला, बर्फ वितळलं आणि दगड, चिखल, झाडं सगळं या उतारावरून खाली आलं. तीन दिवसांनी मोठा स्फोट झाला, राखेचा खांब ९ किलोमीटरहून वर गेला. त्या लोंढ्यात आलेले काळे दगड अजून जागेवर आहेत. जवळ जाऊन त्यांच्या भेगा बघा. दगड आतून गरम असतानाच इथे पोचले आणि थंड होताना जागच्या जागी तडकले, त्यामुळे तुकडे अजून एकमेकांना जुळतात.

बाबा, हा आपला काळा पाषाण नव्हे. सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता, भेगांतून निघून थरावर थर पसरला, म्हणून आपले डोंगर पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. इथला लाव्हा, त्याला डेसाइट म्हणतात, इतका चिकट की वर आल्यावर तो वाहिलाच नाही, तोंडाशीच ढीग होऊन बसला. ३,१८७ मीटरचं लासेन शिखर म्हणजे तो ढीग, सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचा.

बंपस हेलबद्दल खरं सांगते. जाऊन-येऊन पावणेपाच किलोमीटर, आणि शेवटी वाट खोलगट भागात उतरते. म्हणजे दमल्यावर, परतताना चढ. आई, तू उतार सुरू होतो तिथपर्यंत ये, तिथूनही वाफा दिसतात. बाबा खाली उतरले तर लाकडी फळ्यांवरच चालायचं. ज्याचं नाव या जागेला आहे त्या बंपसचा पाय १८६०च्या दशकात इथेच पापुद्रा फुटून उकळत्या चिखलात गेला आणि नंतर कापावा लागला. खालून येणारा आम्लयुक्त वायू दगडाची माती करतो, वर मात्र वाळलेली पातळ साल राहते. बघणाऱ्याला ती पक्की जमीनच वाटते.

हे जमलं नाही तरी हळहळू नका. दक्षिण दारापाशी सल्फर वर्क्स आहे, अगदी रस्त्याला लागून. गाडीतून उतरलं की कठड्यापलीकडे राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो. बर्फाचं पाणी भरपूर असतं तेव्हा पातळ, उन्हाळा सरता सरता घट्ट. बाजूला गंधकाचा पिवळा, लोखंडाचा तांबूस रंग. वास सडक्या अंड्यांचा. आई, दम्याचा पंप जवळ ठेव आणि वाफ अंगावर यायला लागली की वारा जिकडून येतो त्या बाजूला हो. आणि वज्रेश्वरीच्या कुंडात पाय बुडवतात तसं इथे चुकूनही नाही. हे पाणी उकळतं आहे, शिवाय आम्लाचं आहे.

जेवण बरोबरच नेऊ: दशम्या, चटणी, दही नको. वर पाणी ९२ अंशांच्या आतबाहेरच उकळतं, चहा नीट मुरत नाही, तेव्हा थर्मास खालूनच भरून घेऊ. खारींना काही घालायचं नाही, कितीही जवळ आल्या तरी. फोनला रेंज नसते, त्यामुळे मावशीला आदल्या रात्रीच कळवून ठेवा. पेट्रोल रेडिंगलाच भरू.

आई, नवे बूट आत्ताच घे, अर्धा नंबर मोठे, आणि जाड मोजे घालून रोज अर्धा तास चाल. टाच कुठे घासते ते तिथे कळून उपयोग नाही.

तुमची,
लेक