पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र : अजिंठ्याचं तिकीट ४० रुपये, बाकीचे कोण सांगणार?

मा. पर्यटनमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातली एक गृहिणी. घरखर्चाची वही लग्न झाल्यापासून लिहिते, दुधापासून दवाखान्यापर्यंत सगळं त्यात असतं. सुट्टीत आम्ही घरचे पाच जण अजिंठा-वेरूळ करून आलो आणि त्या वहीची जी चार पानं भरली त्यावरून हे पत्र लिहितेय. लेणी बघून डोळ्यांचं पारणं फिटलं हे आधीच सांगते, म्हणजे बाई रडगाणं गातेय असं वाटायला नको. पण हिशोब काही केल्या जुळत नाहीये.

आधी माणसं कोण ते सांगते कारण सगळा हिशोब त्यावर आहे. मी, आमचे हे, मुलगी १६ ची, मुलगा ११ चा आणि सासूबाई ७७ च्या. लातूरहून एसटीने गेलो. सासूबाई ७५ च्या वरच्या म्हणून फुकट, मला आणि मुलीला २०२३ पासून अर्धं, मुलगा लहान म्हणून त्याचं अर्धं, पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं. पाच माणसं अडीच तिकिटात! ह्यांनी वाटेत तीनदा ऐकवलं की ही गाडी माझ्या एकट्याच्या पैशावर चाललीय. तर हा भाग एकदम मस्त, जेवढा धरला तेवढाच खर्च आला, कारण कोणाला किती सवलत हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझा मुद्दा खरं म्हणजे इथेच आहे पण पुढचं ऐका.

लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४०, ऑनलाइन काढलं तर ३५, १५ च्या आतल्या मुलांना काहीच नाही. परदेशी पाहुण्याला ६००. म्हणजे आमच्या चौघांचे अजिंठ्याला १६० आणि वेरूळला १६०. ३२० रुपयांत युनेस्कोच्या यादीतल्या दोन जागा, त्याही १९८३ पासून यादीत असलेल्या, अजून काय पाहिजे? मी निघायच्या आधी वहीत "लेणी ३२०" असं लिहिलं आणि खाली रेघ ओढून मोकळी झाले.

आता तो जोडशब्द. आपण लहानपणापासून अजिंठा-वेरूळ असं एका दमात म्हणतो, मीठ-मिरची म्हटल्यासारखं, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं की एक बघून झालं की रस्ता ओलांडून दुसरं. प्रत्यक्षात संभाजीनगरपासून वेरूळ ३० किलोमीटरवर आणि अजिंठा जवळजवळ १०० किलोमीटरवर आणि तेही वेगवेगळ्या रस्त्यांना. म्हणजे दोन दिवस, दोन मुक्काम, दोनदा गाडी. आणि जळगावहून अजिंठा ६० च्या आसपास आहे, म्हणजे ज्यांना रेल्वेने जळगावला उतरणं सोयीचं आहे त्यांनी आधी अजिंठा बघून मग संभाजीनगरकडे यावं, येण्याजाण्याचा एक हेलपाटाच वाचतो. हे मला कुठे कळलं, तर परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या भुसावळच्या बाईंकडून.

बरं त्याच्याही वरची गंमत म्हणजे सुट्टीचे वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आम्ही रविवारी रात्री पोचलो आणि ठरवलेलं काय, तर सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ! अख्ख्या आठवड्यात यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडली नसती, दोन्ही दिवस बंद दरवाजे बघून परत आलो असतो. चूक आमचीच, मान्य, वाचायला पाहिजे होतं. लॉजवरच्या पोराने रात्री सहज विचारलं म्हणून वाचलो. उलटं करायला तसा काहीच खर्च नव्हता पण सोमवारची लांबची गाडी आधीच सांगून ठेवलेली, तिचे ५०० ॲडव्हान्स गेले, मंगळवारी त्या ड्रायव्हरला दुसरं भाडं होतं, मग दुसरी गाडी बघितली ती आणखी ६०० ने महाग. ११०० रुपये फक्त वार चुकल्याचे. वहीत त्यापुढे "अक्कलखाती" असं लिहिलंय, ते ह्यांचं अक्षर आहे.

सोमवारी वेरूळ झालं. सासूबाईंनी कैलास बघितला आणि खाली बसूनच राहिल्या, हलेचनात. तो अख्खा डोंगर कळसापासून सुरू करून पायापर्यंत खोदत आणलाय, वर जे चुकलं ते चुकलं, पुन्हा चिकटवायला दगड नाही. आमचं बजेट नेमकं उलटं, पायापासून कळसाकडे चढत गेलं. ३४ लेण्यांपैकी जैन लेणी लांब राहिली, उन्हात त्यांना घेऊन जायची हिंमत झाली नाही. घृष्णेश्वर मात्र केला, जवळच आहे, तेवढं ज्योतिर्लिंग पदरात पडलं.

मंगळवारी अजिंठा. इथे मात्र वहीचं एक पान सकाळीच संपलं. आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला सोडायची, लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे. धुराने चित्रांना त्रास नको म्हणून गाड्या लांब थांबवतात, हे पटतं, शंभर टक्के पटतं. पण मग पार्किंग, माणशी सुविधा शुल्क, पुढे बसचं जातानाचं तिकीट, येतानाचं वेगळं, एसीचा दर वेगळा, आणि एवढं सगळं झाल्यावर मग ते ४० रुपयांचं तिकीट. यातलं काहीही जास्त आहे असं मी म्हणत नाही साहेब. दहा-वीस-तीस असंच असतं, पण पाच माणसांनी गुणलं की लेण्यांच्या तिकिटाच्या वर जातं, आणि ते मी कुठेच धरलं नव्हतं कारण मी वाचलं होतं ते फक्त ४०.

आणि मग पायऱ्या. ३० लेणी, वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी पसरलेली, सुरुवातीलाच चढ. सासूबाईंचे गुडघे आधीच कैलासात संपले होते. तिथे डोलीवाले असतात, चार जण खांद्यावर खुर्ची उचलून नेतात, माणूस कष्टाचे पैसे घेतो त्याला घासाघीस करायला जीव होत नाही. पण वहीतला तो आकडा भाड्याच्या गाडीच्या खालोखाल आहे! आणि तो पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून ठरवावा लागतो, मागे सासू, पुढे नवरा आणि आपल्या हातात उरलेले पैसे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघून त्या हात जोडून उभ्या राहिल्या, २६ नंबरमध्ये तो निजलेला बुद्ध बघितला तेव्हा म्हणाल्या किती शांत झोपलाय बघ. घरीच आकडा कळला असता तरी मी डोली केलीच असती, फक्त एक मुक्काम कमी केला असता किंवा जेवण बांधून नेलं असतं, आणि परतीच्या दिवशी दीराकडून फोनवर दोन हजार मागवायची वेळ आली नसती.

मला काय पाहिजे ते सांगते. तिकीट स्वस्त नको. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिनाला फुकट सोडतात तेव्हा लोक खूश होतात, होऊ देत, पण आमचे त्यात १६० वाचणार, आणि आमची सहल त्या १६० वर अडलेली नाहीये. मला पाहिजे एक पान. मराठीत, मोबाईलवर उघडणारं. टी पॉइंटला काय काय द्यावं लागतं, बस किती, डोली किती आणि किती वजनापर्यंत, कुठलं लेणं कुठल्या वारी बंद, कुठल्या शहरातून कुठलं आधी करावं. आणि तेच पान छापून एसटी स्टँडवर लावा, कारण वारांचा घोळ करणारी माझ्यासारखी माणसं तिथेच उभी असतात. एसटीच्या सवलती जशा घराघरात पाठ झाल्यात तशी ही माहिती का होऊ नये?

आता तुम्ही म्हणाल की लेण्यांचं तिकीट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, एसटी परिवहन खात्याची, डोलीवाले तर कोणाच्याच खात्यात नाहीत, मी काय करू. बरोबर आहे. पण पैसे सगळे एकाच पाकिटातून जातात ना साहेब, ते पाकीट माझ्या पर्समध्ये असतं. चार खात्यांचे दर एका कागदावर आणायला काही नवीन कायदा लागत नसावा, एक माणूस आणि एक दिवस पुरेल. हवं तर माझी वही घ्या.

चारही पानांचे फोटो सोबत जोडलेत. वेरूळचं पान पक्कं आहे, पै न पै. अजिंठ्याच्या पानावरचा डोलीचा आकडा मात्र थोडा कमी असेल, सासूबाईंनी त्या चौघांना वरून स्वतःच्या बटव्यातले काहीतरी दिलेत आणि किती ते अजून सांगत नाहीयेत.

आपली,
वही लिहिणारी एक बाई