बॉयलरच्या तांब्यासाठी दादा तुम्हाला मनापासून थँक्यू

दादा नमस्कार,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण हे सगळ्यांसमोर लिहायचं होतं कारण पुण्यात वाफेवर चालणारी छोटी इंजिनं बनवणारे जे आम्ही थोडेफार लोक आहोत ते सगळे एकाच ठिकाणी अडतात, बॉयलरचा तांब्याचा पाइप. पितळ मिळतं, बीड म्हणजे ओतीव लोखंड मिळतं, लेथवाले पण मदत करतात. तीन सूत चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाइप एसी स्पेअर्सच्या दुकानात मिळतो आणि काही दुकानदार फुटावर कापूनही देतात, तिथे प्रश्न नाही. पण बॉयलरचं अंग करायला दोन इंचाचा किंवा त्याच्या वरचा पाइप लागतो आणि तो मागितला की अख्खी लांबी घ्या म्हणतात. मला हवा असतो वीतभर!

त्या दिवशी दुकानाच्या काउंटरवर तुम्ही तुमच्या हॉस्पिटलच्या गॅस लाइनच्या कामाचं सामान घ्यायला आला होतात, माझं बोलणं ऐकून आपणहून विचारलंत, "ऑक्सिजन लाइनचा कट पीस चालेल का?" हे मला कधी सुचलंच नसतं. हॉस्पिटलच्या गॅस लाइनला 15, 22, 28, 42, 54, 76 मिमी असे पाइप लागतात, प्रत्येक साइटवर कापून उरलेले तुकडे निघतात आणि शेवटी ते भंगारात वजनावर जातात. तुम्ही ते नुसते खिशातून काढून दिले नाहीत, आधी कॉन्ट्रॅक्टरला विचारलंत, माझ्यासमोर काट्यावर टाकलेत आणि चिठ्ठी करून दिलीत. मला हे फार आवडलं, कारण फुकट मिळालेला माल पुन्हा मागायला जीभ रेटत नाही.

वजनाचा हिशोब तर मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. पाइपच्या बाहेरच्या व्यासातून भिंतीची जाडी वजा करा, त्याला जाडीने गुणा, मग 0.0282 ने गुणा, सगळं मिमीमध्ये धरलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. 54 मिमीचा पाइप आणि जाडी 1.2 असेल तर मीटरला साधारण 1.79 किलो, म्हणजे 20 सेंटिमीटरचा तुकडा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. त्या दिवशीचा भाव माहीत असला की दुकानदार बरोबर सांगतोय की नाही ते उभ्या उभ्या कळतं.

आणि तांबं कुठलं ते बघायला शिकवलंत, ते तर पैशापेक्षा मोठं. गॅस लाइनचा आणि एसीचा पाइप फॉस्फरस टाकून आतला ऑक्सिजन काढलेल्या तांब्याचा असतो त्यामुळे ज्योतीखाली टिकतो. बसबारच्या (विजेच्या पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्या) भंगारातली पट्टी दिसायला सुंदर, पण त्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो, गॅसच्या ज्योतीतला हायड्रोजन आत शिरला की आतल्या आत वाफ होते आणि तांबं चिरतं, म्हणून बॉयलरला ती नकोच. जुन्या फ्रिजच्या मागच्या जाळीची नळी तांब्यासारखी दिसली तरी बऱ्याचदा आत लोखंड असतं, लोहचुंबक लावून बघायचं हे पण तुमचंच. तेव्हापासून खिशात चुंबक आणि जाडी मोजायचा व्हर्नियर असतोच.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामापेक्षा वेगळी करावी लागली. तुम्ही लाइनचे जोड करायला जो फॉस्फरसवाला रॉड वितळवून वापरता तो कोळशाच्या बॉयलरला चालत नाही, धुरातला गंधक तो जोड खातो, म्हणून मी चांदीचा रॉड घेतला. महाग पडला, पण पाइपवर जे पैसे वाचले त्यातूनच तो बसला हो! दोन्ही टोकांच्या चकत्या कसबा पेठेत तांबट आळीत करून घेतल्या, तिथल्या काकांनी पत्रा लाल करून पाण्यात टाकला, मऊ झाल्यावर लाकडी साच्यावर कडा वळवल्या, घट्ट होत आला की परत भट्टीत, आणि बसल्या अशा की तुमच्या पाइपमध्ये कागद पण शिरेना. बघत राहावं असं काम आहे ते.

आता तुम्ही विचारलं होतंत की 1.2 जाडी पुरेल का. मी 4 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशरवर चालवणार आहे, त्या हिशोबाने भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला 90 किलो ताण येतो आणि तापवून मऊ पडलेलं तांबंसुद्धा तुटायला 2000 च्या वर लागतं. तरी वाफ करायच्या आधी पूर्ण पाणी भरून हातपंपाने 8 किलोपर्यंत नेलं, काटा तिथेच उभा राहिला, एक थेंब नाही. मग वाफ केली, इंजिन फिरलं, घरातले सगळे गोळा झाले आणि मी पहिला व्हिडिओ तुम्हालाच पाठवला.

दादा, तुम्ही दिवसभर हॉस्पिटलांमधून उभं राहून काम करता आणि तरी एका अनोळखी माणसाच्या छंदासाठी वेळ काढलात, खूप खूप आभार. बॉयलर बघायला घरी या, वहिनींना आणि मुलांना घेऊन या. आणि कुठल्या साइटवर 76 चा तुकडा निघाला, फूटभर असला तरी, तर फोन करा, वजन करून रीतसर पैसे देऊन घेऊन जाईन. पुढचं इंजिन मोठं करायचंय.