दारावर आलेल्यांनी रडणाऱ्याला गप्प करू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी शेजारच्या घरातील कर्ता माणूस अचानक गेला. आम्ही दारावर, म्हणजे सांत्वनाला, गेलो तेव्हा त्याचा चौदा वर्षांचा मुलगा ओट्याच्या कडेला गुडघ्यांत डोके घालून बसला होता. त्याचे खांदे हलू लागले की जवळ बसलेल्या जाणत्या मंडळींपैकी कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारी आणि म्हणे, "आता तूच घरातला माणूस, तूच असं केलं तर आईकडे कोणी पाहायचं?" तासाभरात हे वाक्य मी चार-पाच वेळा ऐकले आणि, खोटे कशाला सांगू, त्यातील एकदा ते माझ्याच तोंडून निघाले. मुलगा गप्प झाला. त्यामुळे आम्हा सर्वांना हायसे वाटले; त्याला काय वाटले, हे मात्र कोणी विचारले नाही.

दारावर जाण्याची खानदेशातील जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आठवत असेल की परगावाहून आलेल्या बायका गल्लीच्या तोंडाशीच गळा काढीत, तो आवाज ऐकून घरातल्या बाया बाहेर येत, आणि मग एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाने कोणत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणते लुगडे आणले होते, कोणता बैल विकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे सारे हेल काढून सांगितले जाई. मग कोणी तांब्याभर पाणी आणी, तोंडे धुतली जात, बोलणे पोरीबाळींच्या खुशालीवर येई आणि घटकाभराने दुसरी मंडळी आली की पुन्हा तेच. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे दुखवटा संपवण्याच्या विधीपर्यंत, हे चाले. या रीतीत सारे निर्मळच होते असे मी म्हणणार नाही. कोण किती रडले याचा हिशेब ठेवला जाई, डोळे कोरडे राहिलेल्या सुनेला ते वर्षानुवर्षे ऐकवले जाई, आणि विधवेच्या रडण्यावर तर सगळ्या गावाची नजर असे. तो जाच गेला हे चांगलेच झाले. पण पुरुषांच्या वाट्याला त्या काळातही सतरंजी, पाऊसपाणी आणि कापसाचा भाव एवढेच होते. आता तर मोबाइलवर निरोप येतो, "द्वारदर्शन दुपारी ४ ते ६", मांडवात खुर्च्या मांडलेल्या असतात, माणसे हात जोडून बसतात आणि उठून जातात. पुण्याला किंवा सुरतेला नोकरीत असलेल्या मुलांना रजा मिळत नाही, हे मला समजते. परंतु या दोन तासांत रडायला जागा बायकांनाही उरलेली नाही.

माझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट सांगतो. ते कार्तिकात गेले. मी थोरला, लाकडे, मांडव, पाहुण्यांचे चहापाणी, भाऊबंदांचे मानपान यांत तेरा दिवस कसे गेले ते कळले नाही, आणि "पोरगा मोठा धीराचा आहे" हे ऐकून मला त्या दिवसांतही थोडा अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर झोप उडाली, जेवण जाईना, घरात लहानसहान कारणावरून मी खेकसू लागलो. पुढे आखाजी आली. आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला संपते, म्हणून सकाळी वडिलांच्या नावाने घागर भरून झाल्यावर सालदाराचा हिशेब करण्यासाठी मी वही उघडली. वरच्या सर्व उचली वडिलांच्या तिरप्या अक्षरात होत्या, दिवाळीच्या उचलीपाशी ते अक्षर थांबले होते आणि खाली माझे सुरू झाले होते. बेरीज करता करता मला जे रडू कोसळले, ते किती वेळ चालले मला सांगता येणार नाही. सालदार समोर बसून होता. त्याने उगी केले नाही, पाठीवर थाप मारली नाही. "रडी ल्या, भाऊ," एवढे म्हणाला आणि वही ओली होऊ नये म्हणून हळूच बाजूला सरकवली. त्या रात्री सहा महिन्यांनंतर मी सलग झोपलो.

रडल्याने अंगातील विष बाहेर पडते, असे हल्ली सांगितले जाते, ते मात्र जपून घ्यावे. अमेरिकेत विल्यम फ्रे यांनी १९८० च्या दशकात कांद्याने आलेले आणि दुःखाने आलेले अश्रू तपासून पाहिले, तेव्हा दुःखाच्या अश्रूंत प्रथिने अधिक आढळली. पण डोळ्यांतून गळणारे पाणी इतके थोडे असते की त्यातून शरीराची शुद्धी होते, असे म्हणायला आधार नाही. मला अधिक पटतो तो नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील संशोधकांचा २०१५ मधील प्रयोग. साठ जणांना करुण चित्रपट दाखवले असता जे रडले त्यांचे मन लगेच हलके झाले नाही, उलट अधिक खचले. वीस मिनिटांनी ते पूर्वपदावर आले आणि दीड तासाने पाहिले तर चित्रपटाआधी होते त्याहून बरे होते. दारावर बसलेल्या आपणा सर्वांची घाई इथेच नडते. रडणाऱ्याची अवस्था पहिल्या काही मिनिटांत बिघडलेली दिसते, आपण घाबरतो आणि नेमके तेव्हाच त्याला थांबवतो. जवळचे माणूस आधार देणारे असेल तर रडून बरे वाटते आणि लाज वाटायला लावणारे असेल तर वाटत नाही, हेही या विषयाच्या अभ्यासकांना वारंवार दिसले आहे.

आपल्याकडील वैद्यांना हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शिंक, जांभई, भूक, तहान यांच्याच पंक्तीला बाष्प, म्हणजे अश्रू, आहेत. ते अडवल्यास पडसे, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भोवळ येते, असे म्हटले आहे. त्याच अध्यायात शोकाचा वेग मात्र आवरावा असे सांगितले असल्यामुळे, शोकात वाहून जाऊ नये पण डोळ्यांत आलेले पाणी परतवू नये, असा त्याचा अर्थ मी घेतो. अश्रू अडवल्यावरचे उपाय म्हणून तिथे झोप, मद्य आणि प्रिय कथा सांगितल्या आहेत. यातला मधला उपाय आमच्या पुरुषमंडळींनी ग्रंथ न वाचताच उचलला. उरलेले दोन तसेच राहिले.

रडणारा पुरुष दुबळा, हे तरी अमळनेरच्या परिसरात कोणी म्हणू नये. इथल्याच शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिकवणाऱ्या साने गुरुजींच्या हळवेपणाची 'रडके' म्हणून पुष्कळ थट्टा झाली. त्याच गुरुजींनी तुरुंगवास सोसला आणि १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले.

प्रत्येक रडणे आपोआप बरे करते असाही माझा दावा नाही. महिनोन्‌महिने रडू थांबत नसेल, खाणेपिणे सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली असेल, तर डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ज्यांना रडूच येत नाही त्यांच्यावरही सक्ती नको. माझे म्हणणे दारावर जाणाऱ्यांपुरते आहे: घरच्या माणसाला रडू आले तर त्याला कर्तव्याची आठवण करून देऊ नये, आपली बसण्याची वेळ थोडी वाढवावी, आणि शक्य असेल तर गंधमुक्तीनंतर, मांडव उतरल्यावर, एकदा पुन्हा जावे.

मी परवा शेजारी पुन्हा गेलो होतो. मुलगा वडिलांच्या मोटारसायकलवरची धूळ पुसत होता. मी त्याला वडिलांनी ती गाडी कुठून आणली, तिच्यावर बसून ते दोघे कुठे कुठे गेले, एवढेच विचारले. पारोळ्याच्या बाजाराची गोष्ट सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. या वेळी मी काही बोललो नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव