कपडे द्यायला लोक तयार आहेत, साहेब. घ्यायला जागा हवी

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई उरकून आठ दिवस होत आले. परवा आमच्या वडगावातल्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यात एक स्वेटर दिसला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा असावा. कोपरे झिजलेले नाहीत, एक बटण तेवढे गेलेले. त्याखाली तीन-चार शर्ट आणि एक धड सुती साडी, आणि सगळ्यावर कुणीतरी फटाक्यांचा कचरा ओतलेला. स्वेटर आणि साडी मी उचलून आणली, धुऊन वाळत घातली. पण गल्लोगल्लीचे किती उचलणार? बाकीचे तुरमुरीच्या कचरा डेपोवर गेले.

मी विणकराची मुलगी. वडील मागावर बसायचे, आई कांड्या भरायची. एका साडीमागे किती हात झिजतात ते पाहत वाढले, म्हणून कापड फेकलेले पाहवत नाही. आमच्याकडे साडी विरली की तिची वाकळ व्हायची. शेजारची कानडी काकू तिलाच कौदी म्हणायची; शब्द वेगळा, टाका तोच. वाकळ विरली की तिचे पोतेरे. पुढे शाळेत शिकवताना वाचले की कापूस पिकवण्यापासून धरले तर एका सुती शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होते. एका माणसाला अडीच वर्षे पिण्यास पुरेल इतके. उन्हाळ्यात आपल्याला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी किती उतरली हे आपण सगळे रोज पेपरात बघतो, आणि तेच पाणी शर्टाच्या रूपाने कचऱ्यात टाकतो.

लोक निर्दय झालेत असे मी म्हणणार नाही. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मला फोन येतात, "बाई, कपडे चांगले आहेत हो, कुठे द्यायचे?" उत्तर माझ्याकडे नसते. बोहारीण जरीची साडी आणि जाड पँट तेवढी निवडून घेते. अनाथाश्रमांकडेही ठेवायला जागा मर्यादित. मग पिशवी महिनाभर माळ्यावर राहते आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीत जाते.

जागा आणि निवड नसेल तर चांगल्या मनाने दिलेल्या कपड्यांचे काय होते, ते मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा, मलप्रभा, सगळ्या नद्या एकदम फुगल्या होत्या. आम्ही काही शिक्षिका नदीकाठच्या एका गावातल्या मदत केंद्रावर गेलो. कपड्यांचे टेंपोवर टेंपो येत होते. पोती उघडली तर आत लग्नातले कोट, लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक, एकेकटे मोजे, चेन तुटलेल्या जीन्स. काहींत फाटकी आतली वस्त्रेही होती; ती हातात घेताना आमचीच मान खाली गेली. साड्या शेकड्याने होत्या, पण परकर मोजके. साहेब, परकराशिवाय साडी नेसायची कशी? दुसरीच्या मापाचा ब्लाउज अंगात जाणार कसा? चिखलातून आलेली एक म्हातारी तीन दिवस त्याच ओल्या लुगड्यात होती आणि तिच्या समोर साड्यांचा डोंगर होता. तिने मागितला फक्त एक परकर आणि एक टॉवेल. तो शोधायला आम्हाला दुपार लागली.

उरलेला ढीग व्हरांड्यात भिजला, त्याला बुरशी आली आणि पंधरा दिवसांनी तो ट्रॅक्टरमध्ये भरून नेला. देणाऱ्यांची चूक नव्हती. त्यांना काय हवे आहे हे कुणी सांगितलेच नव्हते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला असेच ढीग पडून राहिले होते. पूर येतो तेव्हा निवड करायला वेळ नसतो. ती आधी, बारा महिने, शांतपणे व्हायला हवी.

आणि गरज काही पुराची वाट बघत नाही. आत्ता ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या आहेत. बीडकडून आलेल्या, विजापूरकडून आलेल्या. चिकोडी, अथणी, हुक्केरीच्या फडांत पहाटे चार वाजता बायका कोयता घेऊन उभ्या असतात. त्यांना साडी नको असते, त्यांना पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट हवा असतो. उसाचे पान हाताला कापते, म्हणून त्या साडीवर तो शर्ट चढवतात. आपल्या घरात कॉलर झिजली म्हणून टाकून दिलेला शर्ट तिथे हंगामभर चालतो. त्यांची मुले खोपीत वाढे-पाचटावर झोपतात. माझ्याकडे धुऊन ठेवलेला तो स्वेटर त्यांच्यापैकी कुणाच्या तरी मापाचा असणार.

खानापूरच्या घाटमाथ्यावर गरज आणखी वेगळी. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात कपडा चार-चार दिवस वाळत नाही. ज्याच्याकडे दोनच जोड आहेत त्याला ओलाच अंगावर चढवावा लागतो. तिथे तिसरा जोड म्हणजे चैन नव्हे. पण तिथे सुती किंवा लोकरी कापड पाठवावे. पॉलिस्टर चुलीजवळ पेटले तर वितळून कातडीला चिकटते. हे कपडे निवडणाऱ्या बाईला कळते, टेंपो भरणाऱ्याला कळत नाही.

दान देण्याची रीतही बदलता येते. १९९९ मध्ये अंशू गुप्तांनी सुरू केलेली 'गूंज' संस्था शहरातले कपडे गावात फुकट वाटत नाही. गाव विहीर खणते, रस्ता नीट करते आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेते. जुन्या सुती कापडाचे धुऊन, निवडून पाळीसाठीचे पॅड होतात. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या स्वच्छता मोहिमेत शहरोशहरी वापरलेल्या वस्तू घेणारी केंद्रे उघडण्यात आली होती. म्हणजे सरकारला ही कल्पना नवी नाही. माझी मागणी आहे ती मोहिमेपुरत्या नव्हे, कायमच्या केंद्राची. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक कोरडी खोली, फळ्या, कपडे धुवायची सोय आणि स्त्रीशक्ती संघाच्या चार-पाच महिला. त्यांना निवडीच्या कामाची मजुरी मिळावी. हे काम सेवा म्हणून फुकट करवून घेऊ नये. अंगावर घालण्याजोगे वेगळे, वाकळेजोगे वेगळे, आणि अगदीच गेलेले लोकरी कापड पानिपतला, जिथे जुन्या लोकरीचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात. आपल्या भागात वाकळ शिवणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्याकडून वाकळी शिवून घेतल्या तर त्यांनाही दोन पैसे मिळतील. फळ्यावर त्या महिन्यात काय हवे ते लिहावे: परकर, शाळकरी स्वेटर, लांब बाह्यांचे शर्ट. आणि तो फळा कानडीबरोबर मराठीतही असावा, कारण देणाऱ्या आणि घेणाऱ्या कितीतरी बायका तेवढेच वाचू शकतात. वाटपाचे फोटो मात्र काढू नयेत. ऐन पुरात कॅमेऱ्यासमोर साडी स्वीकारताना पदर तोंडावर ओढणारी बाई मी विसरलेले नाही.

एक गोष्ट आपल्या एका शब्दाने होईल. सिद्धरामय्या यांनी २०२३ मध्ये मुख्यमंत्रिपद घेतल्यावर सांगितले होते, हार-शाली नकोत, पुस्तके द्या. तरी जिल्ह्यातल्या प्रत्येक सभेत, सत्कारात शाली दिल्याच जातात. त्यातली एकही कुणी दुसऱ्यांदा पांघरत नाही. डिसेंबरमध्ये इथल्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरेल, तेव्हा तर त्यांची रासच पडेल. अधिवेशन संपताच त्या सगळ्या शाली एकत्र करून कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यांवर पाठवाव्यात. थंडीचा कडाका तेव्हाच असतो.

मी निवृत्त आहे, वेळ आहे, आणि आमच्या गल्लीतल्या सहा जणी निवडीला बसायला तयार आहेत. माझ्या ओसरीवर आत्ता चार पोती आहेत, धुऊन, घड्या घालून, प्रत्येकावर आत काय आहे ते लिहिलेले. ती कुठे आणून द्यायची एवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
वडगाव, बेळगाव